नको असलेले कॉल आणि एसएमएस: ब्लॉक करण्याआधी तक्रार करा

कर्ज, क्रेडिट कार्ड, ‘प्लॉट घ्या, लोणावळ्याच्या जवळच आहे’ असे फोन आले की बहुतेक जण एकच गोष्ट करतात. नंबर ब्लॉक करतात आणि कामाला लागतात. त्याने तो एक नंबर आपल्या फोनवर पुन्हा वाजत नाही, एवढंच होतं. समोरच्याकडे सिमकार्डांची चळत असते. उद्या दुसऱ्या नंबरावरून तोच आवाज, तेच ‘प्री-अप्रूव्ड’ कर्ज. आपण ब्लॉक केल्याची खबर ना मोबाइल कंपनीला लागते, ना दूरसंचार नियामक ट्रायला.

तक्रारीची मात्र नोंद होते. ट्रायच्या नियमांत १२ फेब्रुवारी २०२५ला झालेल्या दुरुस्तीनंतर तिला पूर्वीपेक्षा बरंच वजनही आलं आहे. नोंदणी न करता जाहिरातीचे कॉल करणाऱ्या एखाद्या नंबराविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या, तर मोबाइल कंपनीला कारवाई करावी लागते. आधी हा आकडा सात दिवसांत दहा होता. कारवाईची मुदतही तीस दिवसांवरून पाच दिवसांवर आणली आहे. म्हणजे तुमच्यासारखे आणखी चौघे कुरकुर न करता तक्रार करते, तर तो नंबर आठवड्याभरात गप्प झाला असता. म्हणून या लेखातला क्रम लक्षात घ्या: आधी तक्रार, मग ब्लॉक.

आधी नंबर वाचायला शिका

कॉल किंवा मेसेज कुणाचा आहे हे बऱ्याचदा नंबरावरूनच कळतं.

१४०ने सुरू होणारा नंबर म्हणजे नोंदणीकृत टेलिमार्केटर, जाहिरातीचा कॉल. उचलला नाही तरी काही बिघडत नाही. १६०० ही मालिका सेवा आणि व्यवहाराच्या कॉलसाठी आहे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५मध्ये बँका आणि वित्तसंस्थांना सांगितलं, की ग्राहकाला व्यवहाराबद्दल फोन करायचा तर १६००वरून करा आणि जाहिरात करायची तर १४०वरून. साध्या दहा आकडी मोबाइल नंबरावरून ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणारा माणूस म्हणूनच आता दुप्पट संशयास्पद ठरतो. तो बँकेचा खराखुरा दलाल असला, तरी नियम मोडतोय.

एसएमएसमध्ये नंबराऐवजी इंग्रजी अक्षरांचं नाव दिसतं, त्याला हेडर म्हणतात. त्याच्या सुरुवातीची दोन अक्षरं मोबाइल कंपनी आणि सर्कल, म्हणजे तिचा विभाग, सांगतात. दुसरं अक्षर एम असेल तर मुंबई, डी असेल तर दिल्ली. ती पाठवणाऱ्या यंत्रणेची खूण आहे, तुम्ही कुठे राहता याच्याशी तिचा संबंध नाही. कामाचं आहे ते शेवटचं अक्षर, जे २०२५पासून हेडरच्या शेपटाला लागतं: पी म्हणजे प्रमोशनल, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. पी दिसला की जाहिरात. एखादी कंपनी एसच्या आडून सवलती विकत असेल, तर ती तक्रार करण्याजोगी गोष्ट आहे आणि असं सर्रास चालतं.

आणखी एक. ऑक्टोबर २०२४पासून हेडरवरून जाणाऱ्या व्यावसायिक एसएमएसमधल्या लिंका आधी नोंदवून मंजूर कराव्या लागतात, नाहीतर मेसेज वाटेतच अडवला जातो. त्यामुळे कुठल्यातरी दहा आकडी नंबरावरून लिंक असलेला एसएमएस आला, तर त्याने ही सगळी चाळण टाळली आहे असं समजायला हरकत नाही.

डीएनडी: पाच मिनिटांचं काम

डीएनडी म्हणजे ‘डू नॉट डिस्टर्ब’, जाहिरातीचे कॉल-मेसेज नको असल्याची नोंद. त्याबद्दल लोकांच्या मनात दोन टोकाचे समज आहेत. एक, ‘ते काही कामाचं नाही’. दोन, ‘ते लावलं की ओटीपी येणं बंद होईल’. दुसरा साफ चुकीचा आहे. ओटीपी, खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज, रेल्वे तिकिटाचा पीएनआर हे सगळं डीएनडी लावूनही येतं. पहिला अर्धा खरा आहे, कारण डीएनडी फक्त नियम पाळणाऱ्यांना थांबवतं. पण काही तक्रारींचा पाया म्हणून ते लागतंच. ते का, हे पुढे येईल.

लावायचं कसं? मेसेजमध्ये इंग्रजी मोठ्या अक्षरांत ‘स्टार्ट’ लिहा, एक जागा सोडून शून्य लिहा आणि १९०९ला पाठवा. हा सगळं बंद करण्याचा पर्याय. उत्तर आलं नाही तर १९०९ला फोन करूनही नोंद होते. तुमच्या मोबाइल कंपनीच्या ॲपमध्येही डीएनडीचा पर्याय असतो, पण तो सहसा तीन-चार पडदे आत लपवलेला असतो. ॲपच्या शोधात ‘डीएनडी’ टाकलं की लवकर सापडतो. ट्रायचं स्वतःचं डीएनडी ॲपही आहे.

काहींना सगळं बंद नको असतं. त्यासाठी आठ वर्ग आहेत: बँकिंग-विमा-क्रेडिट कार्ड, स्थावर मालमत्ता, शिक्षण, आरोग्य, ग्राहकोपयोगी वस्तू आणि वाहनं, दूरसंचार-करमणूक-आयटी, पर्यटन आणि खाद्यपदार्थ. पण हे निवडून बंद करायचं असेल तर एसएमएसच्या भानगडीत पडू नका. वर्गाचा आकडा पाठवल्यावर तो वर्ग हवा आहे की नको, याबाबत जुन्या आणि नव्या पद्धतीत फरक आहे आणि उलटं होण्याची शक्यता असते. ॲपमध्ये समोर खुणा दिसतात, तिथूनच करा. माझं मत विचाराल तर सगळंच बंद करा. हॉटेलाची सवलत कळली नाही म्हणून आजवर कुणी उपाशी राहिलेलं नाही.

घरात दोन सिम असतील, आई-वडिलांचे नंबर असतील, तर प्रत्येक नंबरासाठी वेगळी नोंद करावी लागते. नंबर पोर्ट केल्यावर डीएनडी शाबूत आहे का, तेही एकदा तपासून घ्या.

तक्रार कशी करायची, नीट

बरेच लोक तक्रार करतात आणि ती फेटाळली जाते. मग ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडून देतात. फेटाळली जाण्याची कारणं बहुतेक वेळा अगदी साधी असतात.

पहिलं कारण मुदत. कॉल किंवा मेसेज आल्यापासून सात दिवसांच्या आत तक्रार करायची. आधी ही मुदत तीनच दिवस होती. रविवारी एकदम बसून महिन्याभराचं साचलेलं काढू म्हटलं तर बहुतेक तक्रारी बाद होतात. तेव्हाचं तेव्हा करा, एक मिनिट लागतं.

दुसरं कारण सिम. फोनमध्ये दोन सिम असतात, कॉल येतो दुसऱ्या सिमवर आणि १९०९ला मेसेज जातो पहिल्यावरून, कारण फोनमध्ये तोच ठरवून ठेवलेला असतो. मोबाइल कंपनी पाहते, तर त्या नंबरावर असा कॉल आलेलाच नाही. तक्रार बंद. पाठवण्याआधी सिम बदलायला विसरू नका.

तिसरं, माहिती अपुरी. तक्रारीत चार गोष्टी लागतात: तुमचा नंबर, समोरच्याचा नंबर किंवा हेडर, तारीख, आणि कॉल कशाबद्दल होता याची एक ओळ. तुमचा नंबर मेसेजबरोबर आपोआप जातो. बाकीच्या तीन तुम्ही लिहायच्या. समजा दुपारी अडीचला दहा आकडी नंबरावरून वैयक्तिक कर्जासाठी फोन आला. मग १९०९ला असं पाठवायचं:

पर्सनल लोनच्या जाहिरातीचा कॉल, ९८********, १८/११/२५

मजकूर इंग्रजी अक्षरांत लिहिलेला बरा. क्रम असाच ठेवा: आधी विषय, मग स्वल्पविराम, मग नंबर, पुन्हा स्वल्पविराम, मग दिवस-महिना-वर्ष. तारकांच्या जागी अर्थातच पूर्ण नंबर हवा. एसएमएसबद्दल तक्रार असेल तर विषयाच्या जागी तो मेसेज जसाच्या तसा चिकटवा आणि नंबराच्या जागी हेडर, शेवटच्या अक्षरासकट. थोड्या वेळात तक्रार क्रमांक येतो, तो पुसू नका.

इथे एक गंमत आहे. कॉल न उचलताच कापला तर ‘कशाबद्दल’ हे लिहिता येत नाही, आणि नुसता मिस्ड कॉल म्हणजे जाहिरात असं कुणी मानत नाही. तेव्हा अनोळखी नंबर एकदा उचलायचा. समोरची व्यक्ती बोलू लागली, की शांतपणे विचारायचं, ‘कुठल्या कंपनीकडून बोलताय?’ कंपनीचं नाव मिळालं की ‘नको’ म्हणून ठेवून द्यायचं. वाद घालू नका. कॉल सेंटरमधल्या त्या पोरांना दिवसाला ठरलेले कॉल पूर्ण करायचे असतात. तुमचा राग त्यांच्या मालकापर्यंत पोहोचत नाही, तक्रार पोहोचते. कंपनीचं नाव तक्रारीत घालता आलं तर उत्तम. आणि यंत्राचा आवाज ‘९ दाबा’ म्हणत असेल तर काहीही न दाबता कापा. दाबलेलं बटण म्हणजे ‘इथे जिवंत माणूस आहे’ अशी पावती असते.

ट्रायच्या डीएनडी ॲपमधून तक्रार आणखी सोपी होते, कारण कॉल यादीतून नंबर आणि तारीख आपोआप भरली जाते. त्यासाठी ॲपला कॉल आणि मेसेज वाचायची परवानगी द्यावी लागते. आयफोनवर सेटिंग्जमधल्या फोन विभागात ‘एसएमएस आणि कॉल रिपोर्टिंग’ असा पर्याय असतो, तिथे हे ॲप निवडलं की यादीतला कॉल सरकवून तक्रार करता येते.

आता डीएनडी का लागतं ते. दहा आकडी नंबरावरून, म्हणजे नोंदणी नसलेल्या माणसाकडून जाहिरात आली, तर तुम्ही डीएनडी लावलेलं असो वा नसो, तक्रार ग्राह्य धरली जाते. ही २०२५मधली चांगली सुधारणा. पण १४०वरून किंवा पीवाल्या हेडरवरून जाहिरात आली, तर तुम्ही डीएनडी न लावलेलं असणं म्हणजे त्यांना मुभा असणं. तिथे तक्रारीला आधार राहत नाही.

तक्रार खरी ठरली की काय होतं? नोंदणी नसलेल्या नंबराची बाहेर जाणारी सेवा पहिल्यांदा पंधरा दिवसांसाठी बंद होते. पुन्हा सापडला तर त्याच्या नावावरच्या सगळ्या जोडण्या, सगळ्या मोबाइल कंपन्यांकडच्या, एक वर्षासाठी तोडल्या जातात. मोबाइल कंपन्यांनी तक्रारींचे आकडे चुकीचे कळवले तर त्यांनाही दंड आहे: पहिल्यांदा २ लाख रुपये, दुसऱ्यांदा ५ लाख, त्यापुढे दरवेळी १० लाख. तक्रार केराच्या टोपलीत गेली असं वाटलं, तर तक्रार क्रमांक घेऊन कंपनीच्या अपील विभागाकडे जा. बऱ्याचदा तक्रार क्रमांक घेऊन कुणी येतच नाही, म्हणून पहिलं उत्तर निष्काळजीपणे दिलेलं असतं.

गळती कुठे आहे

या विषयावरचे सल्ले बहुतेक फोनच्या सेटिंग्जपाशी थांबतात. पण मूळ दुखणं सेटिंग्जमध्ये नाही. आपण ज्याला त्याला नंबर देतो आणि सोबत परवानगीही देतो, ते दुखणं आहे.

कर्जाच्या व्याजदरांची तुलना करणारी एखादी साइट उघडा. ‘पुढे जा’ या बटणाखाली मुंगीएवढ्या अक्षरांत एक वाक्य असतं. त्याचा मराठीत अर्थ साधारण असा: ‘माझा नंबर डीएनडीमध्ये नोंदवलेला असला तरी कंपनीने आणि तिच्या भागीदारांनी मला फोन, एसएमएस आणि व्हॉट्सॲपवर संपर्क करण्यास माझी परवानगी आहे.’ समोरच्या चौकोनात खूण आधीच केलेली असते. हे भागीदार किती, कोण, ते कुठेही लिहिलेलं नसतं. या एका वाक्याने तुमचं डीएनडी त्या सगळ्यांपुरतं बाजूला पडतं. पुढे तक्रार केलीत तर उत्तर येतं, ‘ग्राहकाने संमती दिली आहे.’ ती खूण काढता आली तर काढा. काढली की बटण चालतच नसेल, तर ती साइट सोडा. व्याजदर बँकेच्या स्वतःच्या साइटवर नंबर न देताही वाचता येतात.

घर शोधणाऱ्यांचे हाल सगळ्यात वाईट. पुण्यात वाकडला किंवा ठाण्यात घोडबंदर रोडला फ्लॅटचा एक फोटो उघडण्यासाठी नंबर टाकला, की संध्याकाळपर्यंत खारघरपासून कर्जतपर्यंतचे दलाल रांगेत उभे. प्रकल्पाची नोंदणी, मंजुरी, ताबा देण्याची तारीख हे सगळं महारेराच्या संकेतस्थळावर कुणालाही नंबर न देता पाहता येतं. आधी तिथे पाहा. आवडलेल्या दोन-तीन प्रकल्पांपुरताच नंबर द्या.

बारावीचा निकाल लागला की दुसरा हंगाम. खासगी विद्यापीठं, परदेशी शिक्षणाचे सल्लागार, क्लासवाले. सीईटी कक्षाच्या अर्जात स्वतःचा खरा नंबर द्यावाच लागतो, कारण प्रवेशाचे ओटीपी त्यावर येतात. पण करिअर मेळाव्यातल्या फॉर्मवर, शाळेत येऊन ‘मोफत अभिरुची चाचणी’ घेणाऱ्यांच्या कागदावर तोच नंबर लिहिण्याची काहीच गरज नसते. मुलांना हे आधीच सांगून ठेवा. ती उत्साहाने स्वतःचा, आईचा आणि बाबांचा असे तिन्ही नंबर लिहून येतात.

दुकानातल्या बिलासाठी मोबाइल नंबर हवाच, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३मध्येच विक्रेत्यांना बजावलं आहे की ग्राहकाकडे नंबराचा आग्रह धरू नये. ‘मॅडम, सिस्टीम नंबराशिवाय बिल काढतच नाही’ याला ‘मग मॅनेजरना बोलवा’ हे उत्तर पुरतं. मॅनेजर आले की सिस्टीम बिल काढते. मॉलमध्ये उभ्या असलेल्या गाडीच्या लकी ड्रॉची कुपनं आणि प्रदर्शनातली ‘भाग्यवान जोडपं’ वाली पेटी यांबद्दल वेगळं सांगायला नको. तिथे बक्षीस काय असायचं ते असो, गोळा होते ती तुमची माहिती.

तरीही नंबर द्यावा लागणारी ठिकाणं असतातच. त्यांच्यासाठी एक स्वस्तातलं दुसरं सिम ठेवणं हा मला पटलेला उपाय आहे. जुन्या फोनमध्ये घाला, घंटी बंद ठेवा, आठवड्यातून एकदा बघा. बँक, आधार, घरची माणसं पहिल्या नंबरावर. डिलिव्हरी, कुपनं, चौकश्या दुसऱ्यावर. रिचार्जची तारीख मात्र चुकवू नका. बराच काळ बंद राहिलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते.

आधीच दिलेली परवानगी परत घेता येते. जाहिरातीच्या मेसेजमध्ये नकार कळवण्याची सोय द्यायला आता पाठवणारे बांधील आहेत. ती वापरली की पुढचे नव्वद दिवस तीच कंपनी पुन्हा परवानगी मागू शकत नाही. मोठ्या बँकांच्या साइटवर ‘डू नॉट कॉल’ची वेगळी नोंद असते. तुमचं खातं जिथे आहे त्या बँकेत ही नोंद अवश्य करा, कारण ‘तुम्ही आमचे ग्राहक आहात’ ही त्यांची ठरलेली पळवाट. एक खबरदारी: नकाराची सोय फक्त हेडरवरून आलेल्या मेसेजची वापरा. अनोळखी दहा आकडी नंबराला ‘स्टॉप’ असं उत्तर पाठवणं म्हणजे आपण आहोत असं कळवणं. वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आहेत, पण कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. तोवर आपली राखण आपणच करायची.

फोनमधली सेटिंग्ज

अँड्रॉइडवर गूगलचं फोन ॲप असेल, तर त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘कॉलर आयडी आणि स्पॅम’ उघडा आणि स्पॅम कॉल गाळण्याचा पर्याय चालू करा. संशयित कॉल वाजतच नाहीत. गूगल मेसेजेसमध्ये स्पॅम संरक्षण असतं, तेही चालू ठेवा. आयफोनवर अनोळखी कॉल शांत करण्याची आणि अनोळखी मेसेज वेगळ्या यादीत टाकण्याची सोय आहे. पण अनोळखी कॉल सरसकट शांत करण्याआधी विचार करा. कुरिअरवाला, शाळा, रुग्णालय, गॅस सिलिंडरवाला हे सगळे अनोळखीच असतात. घरात आजारी माणूस असेल तर हे बटण बंदच ठेवलेलं बरं.

काही मोबाइल कंपन्या स्वतःहूनही इशारा देतात. एअरटेलने सप्टेंबर २०२४पासून पडद्यावर संशयित स्पॅमचा इशारा दाखवायला सुरुवात केली आणि पुढे तो मराठीतही मिळू लागला. वेगळं ॲप टाकायचं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी टाकत नाही. संपर्क, कॉल, मेसेज एवढं सगळं वाचू देऊन मिळणारी सोय फोनमध्ये आधीच बऱ्यापैकी आहे.

व्हॉट्सॲप वेगळं आहे

डीएनडी आणि १९०९ यांचा व्हॉट्सॲपशी संबंध नाही. ट्रायचे हे नियम मोबाइल नेटवर्कवरच्या कॉल आणि एसएमएसपुरते आहेत. म्हणूनच बरेच जाहिरातदार तिकडे सरकले. तिथे तीन गोष्टी करा. सेटिंग्ज, मग प्रायव्हसी, मग कॉल्स: अनोळखी कॉल शांत करा. हे मात्र बिनधास्त करा, व्हॉट्सॲपवर रुग्णालय फोन करत नाही. परदेशी क्रमांकांवरून येणारे मिस्ड कॉलही याने गप्प होतात. दुसरं, ग्रुपमध्ये तुम्हाला कोण टाकू शकतं, यासाठी ‘माझे संपर्क’ निवडा. शेअर बाजाराच्या ‘टिप्स’ देणाऱ्या ग्रुपांपासून सुटका होते. तिसरं, कंपनीच्या जाहिरातीला नुसतं ब्लॉक न करता ‘रिपोर्ट आणि ब्लॉक’ करा. रिपोर्ट केल्यावर त्या चॅटमधले शेवटचे पाच मेसेज व्हॉट्सॲपकडे जातात, बाकी गप्पा जात नाहीत.

जाहिरात नव्हे, फसवणूक असेल तर

‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, या नंबरावर संपर्क करा.’ महाराष्ट्रात हा मेसेज मिळाला नाही असं घर विरळा. महावितरणचे खरे मेसेज दहा आकडी नंबरावरून येत नाहीत, त्यांच्या हेडरमध्ये एमएसईडीसीएल असतं. आणि ते कुणाच्या वैयक्तिक मोबाइलवर फोन करायला सांगत नाहीत. तसंच व्हॉट्सॲपवर येणारं आरटीओच्या चलानाचं किंवा लग्नपत्रिकेचं ‘एपीके’, म्हणजे ॲप टाकणारी फाइल. ते चलान नाही आणि पत्रिकाही नाही. ते तुमचे ओटीपी वाचणारं ॲप आहे. लग्न कुणाचंही असो, उघडायचं नाही.

अशा गोष्टींसाठी १९०९ हे दार नाही. दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर आणि ॲपवर ‘चक्षू’ हा विभाग आहे. मार्च २०२४मध्ये सुरू झालेला. पैसे गेलेले नसतील, पण फसवणुकीचा प्रयत्न झाला असेल, तर तिथे कळवा. मागच्या तीस दिवसांतला कॉल किंवा मेसेज चालतो, स्क्रीनशॉट जोडता येतो. पैसे गेले असतील तर चक्षूवर वेळ घालवू नका. थेट १९३०ला फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता येतात की नाही, हे तुम्ही किती लवकर फोन केलात यावर ठरतं. नातेवाइकांना विचारत बसण्यात जातो तो वेळ सगळ्यात महागात पडतो.

संचार साथीवरच आणखी एक गोष्ट पाहून घ्या: तुमच्या नावावर किती सिम आहेत. एका व्यक्तीला नऊपर्यंत मुभा आहे. जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येकडच्या राज्यांत सहा. ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर ‘माझा नंबर नाही’ म्हणून तिथेच कळवा. तुमच्या कागदपत्रांवर काढलेल्या सिमवरून दुसऱ्यांना त्रास दिला जात असेल, तर पोलीस आधी तुमच्याच दारात येतील.

वसुलीचे फोन ही तिसरीच जात. कर्ज खरंच असेल तर तो कॉल स्पॅम नाही, पण त्यालाही मर्यादा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वसुली एजंट सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू शकत नाही. तक्रार बँकेकडे लेखी करा. तीस दिवसांत उत्तर मिळालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

परदेशातलं भारतीय सिम

न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये राहणारे अनेक जण इथलं सिम केवळ बँकेच्या ओटीपीसाठी चालू ठेवतात. भारतात दुपारचे बारा वाजले, की अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात पहाटेचे अडीच वाजलेले असतात, आणि कार्डवाल्यांना ते ठाऊक नसतं. तिथून १९०९च्या नादी लागण्यापेक्षा मोबाइल कंपनीच्या ॲपमधून डीएनडी लावणं सोपं. पुढच्या वेळी सुट्टीवर आलात, की आई-बाबांच्या फोनवरही लावून द्या, आणि १९०९ व १९३० हे दोन नंबर त्यांच्या संपर्कांत मराठीत नाव घालून साठवा: ‘जाहिरात तक्रार’ आणि ‘पैसे गेले तर’. इंग्रजी नावाने साठवलेले नंबर गरजेच्या वेळी त्यांना सापडत नाहीत.

तुमचंच दुकान असेल तर

क्लास, मेस, ब्युटी पार्लर, गणपतीच्या मूर्तींचा कारखाना असं काही चालवत असाल आणि हंगामात स्वतःच्या मोबाइलवरून दोनशे जणांना जाहिरातीचे फोन किंवा एसएमएस करत असाल, तर वर सांगितलेला पाच तक्रारींचा नियम तुम्हालाही लागतो. पंधरा दिवस बाहेर जाणारे कॉल बंद झाले, तर ऐन गणपतीत धंदा बसेल. मोठ्या प्रमाणात मेसेज पाठवायचे असतील तर मोबाइल कंपनीच्या डीएलटी व्यवस्थेत, म्हणजे व्यावसायिक मेसेज पाठवणाऱ्यांच्या नोंदवहीत, नोंदणी करा, हेडर आणि मजकुराचा साचा मंजूर करून घ्या. ते खर्चाचं वाटत असेल, तर जुन्या गिऱ्हाइकांना प्रत्यक्ष भेटीत विचारा, ‘पुढच्या वर्षी कळवू का?’ हो म्हणाले तर वहीत तारखेसह नोंद करा. नाही म्हणाले तर नंबर खोडून टाका.